कोकणात व्हॅम्पायरपट करायचाय? कमी पैशांत, पण रीतसर

दरवर्षी दिवाळीनंतर कुणाचा तरी फोन येतो. 'आमच्या आजोळी जुनं घर आहे, कॅमेरा मित्राचा आहे, ड्रॅक्युलावर काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू?' प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो. मी सिंधुदुर्गात राहतो आणि लहान बजेटचे भयपट करतो. शॉर्टफिल्म असो वा दीड तासाचा सिनेमा, पायऱ्या साधारण याच.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो. ड्रॅक्युलासारख्या जुन्या कथांमध्ये व्हॅम्पायरचे, म्हणजे रक्त पिऊन जगणाऱ्या मृताचे, जे नियम आहेत ते फुकट आहेत आणि त्यातले निम्मे कोकणाच्या किनाऱ्यावर आयते मिळतात. महाग आहे ती नंतरच्या सिनेमांनी चढवलेली सजावट: किल्ला, शवपेटी, झगा, घोडागाडी. नियम घ्या, सजावट सोडा. खालचं सगळं त्यावरच उभं आहे.

१. आधी पुस्तक वाचा, आणि योग्य पुस्तक निवडा

बहुतेकांनी ड्रॅक्युला पाहिलेला असतो, वाचलेला नसतो. वाचलात तर पहिल्या दिवशीच दोन-तीन धक्के बसतात. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला उन्हात जळून जात नाही. दिवसा त्याची शक्ती उणी होते, एवढंच. तो लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या हिंडतो. सूर्यप्रकाशाने मरणारा व्हॅम्पायर आणला तो जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाने. शेवटही छातीत खुंटा ठोकून होत नाही. सूर्यास्ताच्या क्षणी दोन सुरे चालतात आणि त्यातला एक चक्क कुकरी आहे. कोकणातल्या घरात कोयता कुठे टांगलेला असतो ते मी सांगायला नको.

नवशिक्यांसमोर तीन पर्याय ठेवतो.

पहिला, 'कार्मिला'. शेरिडन ले फानूची ही दीर्घकथा १८७१-७२ मधली, म्हणजे ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधीची. एक आडबाजूचं घर, एक मुलगी, तिचे वडील, दोन बायका सोबतीला. दारात गाडीला अपघात होतो, गाडीतली बाई आपल्या अशक्त मुलीला तीन महिन्यांसाठी या घरात ठेवून निघून जाते. पाहुणी उशिरा उठते, दिवसा मलूल असते, आणि घरातली मुलगी हळूहळू खंगत जाते. घर एक, पात्रं पाच-सहा. पैसे नसतील तर डोळे मिटून हीच घ्या. २०१४ साली कॅनडात या कथेवर आजच्या काळातली वेबमालिका झाली. हॉस्टेलच्या एका खोलीत, एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोर. लोकांनी ती इतकी उचलून धरली की २०१७ मध्ये तिचा सिनेमा निघाला. एक सूचना: या कथेचा कणा त्या दोन मुलींमधली ओढ आहे. 'गावात कसं दिसेल' म्हणून ती काढलीत तर हातात फक्त ॲनिमियाची केस उरते.

दुसरा, ड्रॅक्युलामधलं एकच प्रकरण. वार्ना बंदरातून निघालेलं 'डिमिटर' जहाज, कप्तानाची रोजनिशी, एकेक करून नाहीसे होणारे खलाशी, आणि शेवटी सुकाणूला हात बांधलेल्या अवस्थेत मेलेला कप्तान घेऊन किनाऱ्याला लागलेलं गलबत. वीस मिनिटांच्या शॉर्टफिल्मला याहून चांगला ऐवज नाही. आपल्याकडे त्याचा ट्रॉलर होतो आणि कप्तानाचा तांडेल. अख्खी कादंबरी मात्र अंगावर घेऊ नका. अर्ध्या युरोपचा प्रवास आहे त्यात.

तिसरा, पॉलिडोरीची १८१९ची 'द व्हॅम्पायर'. उमरावी, देखणा, समाजात मिरवणारा खलनायक, आणि एक वर्ष एक दिवस तोंड न उघडण्याची शपथ. शहरी गोष्ट आहे. रत्नागिरी किंवा अलिबागच्या बंगल्यातल्या पार्ट्यांत बसेल, पण संवादांवर चालणारी आहे, नट कच्चे असतील तर पडेल.

२. हक्कांचं नीट समजून घ्या

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. पॉलिडोरी १८२१ मध्ये गेला, ले फानू १८७३ मध्ये, स्टोकर १९१२ मध्ये. तिघांचंही लेखन आता सर्वांचं आहे, मूळ इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतो.

सापळा इथे आहे: मराठी अनुवाद मात्र अनुवादकाचा. त्यातलं वाक्य उचललंत तर परवानगी लागते. मूळ वाचा आणि आपल्या भाषेत लिहा. तसंच एखाद्या सिनेमातला मेकअप, पोशाख, संवाद, पार्श्वसंगीत हे त्या त्या निर्मात्याचं. पुस्तकातल्या काउंटला पांढरी मिशी आहे, म्हणजे ती तुमची. स्वतः 'नोस्फेराटू'वाल्यांनी स्टोकरच्या पत्नीची परवानगी न घेता सिनेमा केला, नावं बदलली म्हणजे झालं असं समजले. खटला त्या जिंकल्या आणि प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो बघतो.

तुमची पटकथा पूर्ण झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून टाका. ऑनलाइन होतं, फारसा खर्च नाही.

३. नियम कोकणात उतरवा

लिहायला बसाल तेव्हा पुस्तकातल्या नियमांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येकापुढे 'आपल्याकडे याचं काय?' असं लिहा. तीन मी करून दाखवतो.

भरती-ओहोटी. ड्रॅक्युलात स्पष्ट म्हटलंय की वाहतं पाणी त्याला फक्त भरतीच्या वेळी किंवा पाणी थांबलेलं असताना ओलांडता येतं. हा नियम सिनेमावाले सहसा विसरतात. आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या गावाच्या मध्ये खाडी आहे! कल्पना करा: तिन्हीसांजेला पलीकडच्या धक्क्यावर शर्ट-पँटमधला एक माणूस उभा आहे. होडीवाला विचारतो, 'खंय जावचां आसा?' तो म्हणतो, 'भरती भरू दे.' होडीवाला खांदे उडवून बिडी पेटवतो. हळूहळू पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढू लागतं, एक, दोन, तीन. माणूस पायरीकडे बघतोय, होडीवाला त्याच्याकडे. इफेक्टचा खर्च शून्य, आणि प्रेक्षक पुढच्या प्रत्येक प्रसंगात पाण्याकडे बघत बसतो.

आमंत्रण. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत येता येत नाही, नंतर मात्र मोकळं रान. कोकणात हा नियम अवघड आहे, कारण इथे दारात आलेल्या माणसाला 'येवा, बसा' म्हटल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. व्हॅम्पायरचं काम दोन सेकंदांत होतं. म्हणून ते आमंत्रण अडवून धरा. घरात म्हातारी आजी ठेवा, जी या पाहुण्याला पाणी खळ्यातच, म्हणजे अंगणातच, आणून देते, गूळ देते, चौकशी करते, पण 'आत ये' म्हणत नाही. मग मुंबईहून आलेला नातू शरमून म्हणतो, 'अगं, बाहेर काय उभं करतेस त्यांना?' तुमचा मध्यंतर तिथे आहे.

माती. काउंट स्वतःच्या भूमीतल्या मातीने भरलेल्या पन्नास पेट्या घेऊन प्रवास करतो. आमच्याकडे लगेच आंब्याच्या पेट्या डोळ्यांसमोर येतात, आणि त्या वाईट नाहीत. पण त्याहून सरस म्हणजे दशावताराचा, म्हणजे इथल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचा, पेटारा. रात्री एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा, ज्यात काय आहे हे कुणी विचारत नाही असा. कंपनीचा टेम्पो, मागे पेटारे, त्यातला एक जरा जास्त जड. आतली माती सड्यावरची, म्हणजे इथल्या कातळी माळावरची, तांबडी नको, वेगळ्या रंगाची हवी. पेटारा उघडताच गावातला कुणीही म्हणेल की ही इथली माती नव्हे.

'कार्मिला'त नावांचा खेळ आहे: ती दर वेळी त्याच अक्षरांची उलटापालट करून नवं नाव घेते. मराठीत हे सहज जमतं. माजघरातल्या जुन्या फोटोखाली 'रामी', आणि आलेली पाहुणी 'मीरा'. कुणालाही समजावून सांगू नका, फोटो फ्रेममध्ये ठेवा आणि पुढे जा.

मोबाइलचा प्रश्न सगळ्यांना छळतो. 'रेंज नाही' हे उत्तर एकदाच वापरा. ड्रॅक्युला मुळातच पत्रं, रोजनिश्या, तारा आणि फोनोग्राफवरची नोंद यांनी बनलेला आहे, म्हणजे आजचे व्हॉइस नोट आणि स्क्रीनशॉट त्याला परके नाहीत.

४. घर शोधा, आणि घराचे सगळे मालक शोधा

जांभ्याचं, कौलारू, पडवी आणि माळा असलेलं बंद घर मिळणं सोपं आहे. अवघड आहे ते मालकी. निम्मी घरं सामाईक असतात. इथल्या काकांनी किल्ली दिली म्हणून कामाला लागू नका. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि सातबारा बघा, त्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची लेखी संमती घ्या. नाहीतर तिसऱ्या दिवशी विरारचा चुलतभाऊ फेसबुकवर फोटो बघतो, 'आमच्या घराला भुताटकीचं नाव लावलं' म्हणून फोन करतो, आणि शूटिंग थांबतं. संमतीपत्रात हे भयपटासाठी आहे असं स्वच्छ लिहा. घराचं खरं नाव आणि गावाचं नाव पडद्यावर येणार नाही हेही लिहून द्या. या एका वाक्याने बरेच चेहरे सैल होतात.

देवघर वापरू नका. तिथे दिवा लागत असेल तर दार लोटून घ्या आणि युनिटला सांगून ठेवा.

५. गाव आणि देव

कोणत्याही सरकारी कागदाच्या आधी ही पायरी. सरपंच, पोलीस पाटील आणि देवस्थानचे मानकरी, या तिघांना भेटा. नारळ-विडा घेऊन ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून घ्या. मानकऱ्यांनी 'कौल घेऊया', म्हणजे देवाची परवानगी विचारूया, म्हटलं तर घ्या, आणि कौल नाही मिळाला तर जागा बदला. तुमचा विश्वास असो-नसो, गाव तुमच्या पाठीशी उभं राहतं की समोर, हे इथे ठरतं.

शहरातून आलेल्या दिग्दर्शकांना एक हौस असते: 'आपला लोकल व्हॅम्पायर म्हणून वेतोबा घेऊ या.' अजिबात नको. आरवलीचा वेतोबा हा राखणदार आहे, लोक त्याला केळीचे घड आणि हातभर लांबीच्या चपला वाहतात. ज्याच्या भरवशावर माणसं रात्री घराबाहेर पडतात त्याला तुम्ही रक्तपिपासू दाखवणार? देवचार, गिऱ्हा, हडळ यांनाही उगाच कोंबू नका. त्यांच्या गोष्टी वेगळ्या, त्यांचे नियम वेगळे. बाहेरून आलेला पाहुणा बाहेरचाच राहू द्या. त्याला इथल्या राखणदाराची धास्ती वाटते एवढं दाखवलंत तर उलट गाव खूश होईल.

पोलीस पाटलांना शूटिंगच्या तारखा आणि वेळा लेखी द्या. रात्री दोनला बाईची किंकाळी ऐकून कुणी ११२ ला फोन केला तर गाडी येते, आणि येते तेव्हा तुमची नायिका लाल रंगात न्हालेली असते.

६. परवानग्या आणि कागदपत्रं

राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे, ती गोरेगावच्या चित्रनगरीच्या महामंडळामार्फत चालते. सरकारी जागा असेल तर अर्ज तिथे ऑनलाइन. खासगी घर-आवारासाठी मालक, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं यांच्यावर बहुतेक वेळा भागतं. फाइलमध्ये हे ठेवा, प्रत्येकाच्या तीन प्रती:

– पटकथेचा सारांश, एक पानी, मराठीत
– युनिटमधल्या सगळ्यांची नावं आणि आधारच्या प्रती
– घराच्या सर्व मालकांचं संमतीपत्र, स्टॅम्प पेपरवर, सोबत नमुना आठ
– ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला
– पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच
– धक्का, जेटी असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी
– कांदळवनात जायचं असेल तर वन विभागाची
– होडीमालकाशी केलेला करार, होडीच्या नोंदणीची प्रत
– नटांचे करार, अगदी मित्र असले तरी

किल्ल्यांचं स्वप्न सोडा. मुरुड-जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे केंद्र संरक्षित आहेत. पुरातत्त्व खात्याचा परवाना, फी, अनामत असं सगळं लागतं, आणि ते झालं तरी रात्री तिथे काम करायला मिळेल या आशेवर राहू नका. तुमचं सगळं बजेट एका दिवसात जाईल. शिवाय किल्ला म्हटलं की लोकांना शिवाजी महाराज आठवतात; तुमचा काउंट तिथे शोभणार नाही आणि खपवूनही घेतला जाणार नाही.

ड्रोन उडवायचा तर आधी ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. रत्नागिरी आणि चिपी या दोन विमानतळांच्या आसपास विशेष काळजी.

प्राणी आणि मुलं पटकथेतूनच काढा. प्राण्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. लहान मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि तरी दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीनपेक्षा जास्त नाही. 'कार्मिला'तलं ते काळं मांजरासारखं जनावर सावलीवर भागवा. वटवाघळं हवीत तर संध्याकाळी वडा-पिंपळावरून उठणारी मोठी वटवाघळं दुरून टिपा. ती फळं खातात. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती, त्याही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या.

७. तारखा: चतुर्थी, चैत आणि चंद्र

कोकणात कॅलेंडर तुम्ही ठरवत नाही. गणपतीत घरं भरलेली, शिमग्यात पालखी, मार्च ते मे आंबा. त्या काळात ना माणूस मिळत ना टेम्पो. घरातल्या कथेसाठी दिवाळीनंतर ते जानेवारी हा उत्तम काळ. पण तेव्हाच जत्रा आणि दशावतार सुरू असतात, म्हणजे चांगले नट रात्री अडकलेले. आणि नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. वेळास, आंजर्ले, वायंगणीसारख्या वाळूवर त्या दिवसांत रात्री दिवे लावू नका. दिव्यांनी माद्या परत फिरतात आणि पिल्लं समुद्राऐवजी तुमच्या एलईडीकडे चालू लागतात. खडकाळ किनारा घ्या, भीतीलाही तोच बरा.

'डिमिटर'साठी मात्र जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर आणि होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. दिवसा डागडुजी, रंगकाम. रात्री होडी रिकामी. रात्रीचा समुद्र कॅमेऱ्याला तसाही दिसत नाही, मागे काळोख असला की झालं. जमिनीवर उभ्या होडीत चित्रीकरण करा, चार जणांनी कॅमेरा हलका डोलवायचा, बाजूने पाण्याची नळी, वरून पाऊस सरकारी खर्चाने. त्या दिवसांत पाण्यात होडी घालायचा विचारही करू नका, नाखवा कितीही म्हणो. नाखव्याला भाड्याबरोबर डिझेलचे पैसे देण्याची वेळ येत नाही, ही आणखी एक बचत.

आता भरतीचं गणित. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो तिथीची पाऊणपट करून सांगेल. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा. दक्षिणेला जावं तशी भरती थोडी लवकर येते, आणि खाडीत आत शिरायला तिला पुन्हा वेळ लागतो. म्हणून नक्की वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्या, पण शेड्यूल आखताना पंचांग हाताशी ठेवा. याचा उपयोग असा: सूर्यास्ताला लांबवर उघडी, ओली, चकाकणारी पुळण हवी असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. सूर्यास्ताला धक्क्याच्या पायऱ्या बुडताना हव्या असतील तर अष्टमीच्या आसपासचे. दुसऱ्या दिवशी तोच शॉट उरला तर पाणी पाऊण तासाने पुढे गेलेलं असतं, उजेड मात्र तिथेच. दोन दिवसांत दृश्य जुळेनासं होतं. भरतीचे शॉट एका संध्याकाळीच संपवा.

८. माणसं

दशावतारी नट घ्या. रात्रभर जागायची सवय, स्वतःचा रंग स्वतः लावणारे, आणि संवाद पाठ नसले तरी प्रसंग सांगितला की बोलणारे. स्त्री पार्ट करणाऱ्या नटाच्या मानेची आणि हातांची हालचाल नीट बघा; कार्मिलाच्या भूमिकेसाठी कास्टिंगवाल्यांच्या शंभर फोटोंत ती मिळणार नाही. अडचण आवाजाची. त्यांना शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायची सवय असते. कॅमेऱ्यासमोर कुजबुज काढायला वेळ लागतो. मी त्यांना सांगतो, 'शेजारच्या खोलीत पोर निजलाहा.' तेवढ्यावर काम होतं.

कंपनीच्या मालकाकडून जत्रांचं वेळापत्रक मागून घ्या आणि मधल्या मोकळ्या रात्री आधीच बुक करा. मानधन रोजच्या रोज द्या.

हौशी नटांना घाबरू नका. ले फानूच्या कथांवर आधारलेल्या, दिग्दर्शक ड्रेयरच्या १९३२च्या 'व्हॅम्पिर'मध्ये बहुतेक नट व्यावसायिक नव्हते. पैसे घालणाऱ्या तरुण उमरावालाच प्रमुख भूमिका दिली होती, टोपणनावाने. म्हणजे ही सोय नवी नाही. तुमचा पैसेवाला मामा नायक व्हायचं म्हणत असेल तर निदान त्याला कमी बोलता ठेवा.

९. रात्र, रक्त, आरसा

सामानाची यादी छोटी ठेवा: कमी उजेडात चालणारा मिररलेस कॅमेरा, एफ/१.८ किंवा त्याहून जास्त उघडणारी एक लेन्स, बॅटरीवरचे दोन-तीन एलईडी, ट्रायपॉड, वेगळा साउंड रेकॉर्डर, काळं कापड भरपूर, लांब केबल, जाड प्लास्टिक, सिलिका जेलचे डबे. पावसात लेन्सला बुरशी धरते, रात्री परतल्यावर सगळं डब्यात बंद. तेही परवडत नसेल तर हे लक्षात ठेवा: १९९४च्या 'नादिया' या ड्रॅक्युलाच्या घराण्यावरच्या सिनेमात काही दृश्यं लहान मुलांच्या खेळण्यातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतली होती. दाणेदार, धूसर चित्र व्हॅम्पायरच्या नजरेचं म्हणून वापरलं आणि चाललं.

खरी रात्र कमी वापरा. सूर्य बुडाल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं सोन्यासारखी. व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर ठेवला की सगळं निळं होतं आणि आकाशात अजून तपशील असतो. रात्रीच करायचं तर जांभ्याच्या भिंतीवर आधी पाणी मारा. कोरडा चिरा सगळा उजेड गिळतो. ओला केला की खड्ड्याखड्ड्यातून चमकतो आणि एका दिव्यात भिंत उभी राहते.

खेड्यात व्होल्टेज पडतं. गावच्या वायरमनला आधी भेटून ठेवा. जनरेटर आणलाच तर तो गोठ्यापलीकडे, नाहीतर आवाजात तोच. रातकिडे आणि समुद्राची गाज मात्र दररोज दोन मिनिटं वेगळी रेकॉर्ड करा, संकलनात जोड लपवायला तीच कामी येते.

रक्तासाठी लोक पटकन कोकमाचं आगळ सुचवतात. दिसायला सुरेख, पण पडद्यावर जांभळट येतं, आणि साबण लागला की रंग बदलतो. सदऱ्यावरचा डाग दोन शॉटमध्ये दोन रंगांचा. पातळ काकवीत खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घाला. दाटपणा बरोबर येतो, तोंडात गेलं तरी चालतं. एकच तोटा: मुंग्या. 'मृत' नटाला टेकनंतर लगेच उठवा आणि पुसा. पांढऱ्या कपड्याच्या तीन प्रती ठेवा.

आरशात न दिसणारा व्हॅम्पायर फुकटात होतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअल. आधी एकट्या नायकाचा शॉट, मग व्हॅम्पायर मागे उभा करून तोच शॉट. संकलनात आरशाचा चौकोन पहिल्यातून घ्या, बाकी दुसऱ्यातून. नायकाची मान दोन्हीत एकाच जागी हवी, म्हणून त्याला खुर्चीत बसवा. खिडकी बंद ठेवा, हलणारा पडदा लबाडी उघडी पाडतो. लोखंडी कपाटाचा आरसा यासाठी छान, कारण त्याच्या कडा सरळ असतात. सेल्फीत न दिसण्याचा विनोद मात्र आता पुरे.

सुरक्षिततेचं दोन ओळींत. माडाखाली माणूस किंवा दिवा उभा करू नका, आधी नारळ उतरवून घ्या. आणि सड्यावर, पाचोळ्यात, चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं: सगळ्यांना बूट, हातात विजेरी, आणि सर्पदंशाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते ड्रायव्हरला माहीत हवं.

१०. सेन्सॉर आणि पहिला खेळ

यूट्यूबवर टाकणार असाल तर सेन्सॉरचा दाखला लागत नाही. थिएटरात किंवा कुठेही जाहीर खेळ लावायचा असेल तर, तिकीट असो-नसो, लागतो. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. आता यूएचे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांच्या दाखल्याचे, तीन टप्पे आहेत: ७+, १३+ आणि १६+. व्हॅम्पायरपट साधारण १६+ किंवा थेट 'ए'त, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्यात, जातो. टीव्हीवर विकायचा विचार असेल तर गळा कापल्याचा क्लोजअप आणि त्याच्याशिवायचा पर्याय, दोन्ही चित्रित करून ठेवा; नंतर कापायला लावलं तर संगीत तुटतं. धूम्रपानाच्या दृश्यांना इशारा लागतो, तेव्हा होडीवाल्याची बिडी खरंच हवी का ते आताच ठरवा. अंधश्रद्धेला उत्तेजन देण्याचा हेतू नाही अशी पाटी सुरुवातीला टाका.

मराठी शीर्षक ठरलं की कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे चौकशी करा. तेच नाव आधी कुणी नोंदवलं असेल तर पोस्टर छापण्यापूर्वी कळलेलं बरं.

आणि पहिला खेळ गावातच, शाळेच्या किंवा देवळाच्या पटांगणात, पांढऱ्या चादरीवर करा. तारीख मानकऱ्यांना विचारून, आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या आत बंद. विरारच्या चुलतभावाला आठवणीने बोलवा. प्रोजेक्टर भाड्याने आणाल तेव्हा एचडीएमआयची लांब वायर सोबत घ्या. ती तालुक्याच्या दुकानात ऐन वेळी मिळत नाही.